एक्केचाळीस जणींची हजेरी

श्रीरामपूर,
रविवार, २३ जून १९९६

प्रिय वृषाली,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा तसाच आहे. तुझ्या आई, लंकाकाकू, परवा भेटल्या होत्या. तुझ्या पुण्याच्या ऑफिसात थंड हवेचं मशीन आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा "छान" म्हटलं.

संस्थेच्या फार्मवर कपाशीची लागवड सुरू झाली. कायम करा म्हणून अर्ज केलेल्या एक्केचाळीस जणींना मात्र फाटकातून आत घेत नाहीत. आई तरी रोज डबा बांधून जाते, फाटकाशी बसते आणि अकरा वाजता तोच डबा घेऊन परत येते. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बाईला कायम करावं लागतं, हे मजूर संघटनेच्या तात्यांनी त्यांना समजावलं तेव्हा तूही तिथेच होतीस. पुंजारामतात्यांच्या ओट्यावर आपण दोघींनीच तर ते अर्ज लिहिले. फार्मचे साहेब आता म्हणतात, एवढे दिवस कुणाचे भरलेच नाहीत. मुकादमाची मस्टरची पानं गेस्टहाउसच्या बंबात जळून गेली. हजेरी उरली होती ती फक्त फार्मच्या ऑफिसातल्या आपल्या कॉम्प्युटरमध्ये.

साहेबांनी दिलेल्या पुण्याच्या जागेवर तू गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटर बंद पडला. हे तुला कुणी कळवलं असेल-नसेल.

सुरू केला की पडद्यावर एकच ओळ यायची, हार्ड डिस्क सापडत नाही. तीन आठवड्यांनी साहेबांनी गावातून छगन मिस्त्रीला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत निकाल दिला. "ताई, ही गेली. आता हिला पेपरवेट करा." साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण झाकण उघडून मी कान लावला तेव्हा डिस्क आत फिरत होती. मेलेली वस्तू फिरत नाही, हे मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं, पण कळत होतं.

छगन गेल्यावर मी डिस्कची पट्टीसारखी वायर काढून पुन्हा दाबून बसवली. फरक नाही. फ्लॉपीवरून मशीन चालू केलं. तरी डिस्क नाही. मग क्लासमध्ये शिकवलेलं आठवलं आणि मशीनचं सेटअप उघडलं. डिस्कच्या रकान्यात "नाही" असं घातलेलं होतं. मशीनला सांगूनच ठेवलं होतं, की तुला डिस्क नाही म्हणून.

मला आधी वाटलं, आतली बॅटरी संपली असेल. बॅटरी संपली की मशीन सगळं विसरतं. पण मग ते तारीखही विसरतं, थेट १९८० सालात जाऊन बसतं. ह्याची तारीख बरोबर होती. वेळ मिनिटाला मिनिट बरोबर होती. बाकी सगळं लक्षात ठेवून मशीन फक्त डिस्क विसरलं होतं. आणि सेटअपचा पासवर्ड आपल्या दोघींनाच माहीत होता, वृषाली.

डिस्कवरच्या चिकटपट्टीवरचे आकडे मी जसेच्या तसे भरले. मशीनने डिस्क ओळखली. हजेरीचा कप्पा उघडला तर रिकामा. चोवीस महिन्यांच्या चोवीस फाइली पुसलेल्या. पुसलेलं परत आणता येतं, फक्त प्रत्येक फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर गेलेलं असतं, ते आपण आठवून द्यावं लागतं. मी एकेक देत गेले. बावीस फाइली परत आल्या. आईचं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. चांगुणाबाई रंभाजी, पंचाण्णव सालात दोनशे एकसष्ट दिवस.

तुझ्या बाजूने विचार करायची जुनी सवय आहे, ती जात नाही. पुसल्यावर त्या डिस्कवर काही नवं लिहिलं असतं, तर फाइली कायमच्या गेल्या असत्या. तू डिस्क लपवलीस म्हणून तीन आठवडे तिला कुणाचा हात लागला नाही. पुसायचं तर नुसतं पुसून जायचंस, लपवलीस कशाला? मी शोधीन म्हणून? की दोष मशीनवर जावा म्हणून? रोज वेगळं उत्तर येतं. तुझ्याकडे खरं उत्तर असेल तर ते मला नको आहे. ते कुठे द्यायचं, ते पुढे लिहिते.

आता माझं.

मी धावत साहेबांकडे गेले. तात्यांकडे नाही, आईकडे नाही, साहेबांकडे. "साहेब, सगळं परत आलं!" मला खरंच वाटलं होतं, डिस्क गेल्याचं त्यांनाही वाईट वाटलं असेल. एवढी मोठी संस्था, शिकलेला माणूस, कागद समोर ठेवल्यावर नाही म्हणेल कसा? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदाच. चहा मागवला.

"फ्लॉपीवर काढून घेतलंस का?"

"नाही साहेब. ऑफिसचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं घेणार?"

"शाबास. हे संस्कार हल्ली राहिले नाहीत मुलींत."

फ्लॉपी माझ्या पर्समध्ये होती, वृषाली. कोरी. पाच मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर जीपमधून पुण्याला गेला. चार दिवसांनी नवी डिस्क घालून आला. जुनी म्हणे खराबच होती.

आईला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती पाय पसरून गुडघा चोळत राहिली, मग म्हणाली, "ज्याचं हाय त्याला इचारल्याबिगर हात लावू न्हाई, ह्ये मीच शिकिवलं तुला. आता कुनाला बोलू मी?"

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. त्यानंतर आठ दिवसांनी साहेबांनी मला कायम केल्याचं पत्र दिलं. मी सही केली. त्यांनी कशासाठी दिलं ते सही करताना मला माहीत होतं. घरात पहिली शिकलेली मी, पहिली कायम झालेलीही मीच. ते पत्र ट्रंकेत माझ्या डिग्रीच्या खाली आहे. तुला पुणं मिळालं, मला ट्रंकेतला कागद मिळाला. तुला नावं ठेवायला मी हे पत्र लिहायला बसले होते. तीन वेळा फाडलं, ते ह्या परिच्छेदापाशी येऊन.

मंगळवारी, ९ जुलैला, अकरा वाजता नगरला कामगार अधिकाऱ्यांपुढे तारीख आहे. मी जाणार आहे. काय परत आणलं आणि कुणाच्या हातात दिलं, ते सांगणार आहे. ट्रंकेतलं पत्रही टेबलावर ठेवणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. तात्या म्हणतात, "एकलीचं कोन ऐकतंय? साहेबाशी वाजलं म्हनून बोलती, आसं म्हनत्याल. दोघी आल्या तर लिहून तरी घेत्याल." ते साक्षीला आणखी कुणाला शोधतायत. त्यांना तुझं नाव मी दिलेलं नाही. तिथेही देणार नाही. तू काय केलंस ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे, नाहीतर कुणाच्याच नाही.

पुण्याहून सकाळची गाडी नऊपर्यंत नगरला येते. नगरच्या अलीकडेच केडगावला तुझ्या मामाकडे उतरून माघारी फिरू नकोस. मी स्टँडवर तुला बघायला येणार नाही. आई आणि बाकीच्या बायका ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेल्या असतील. आलीस तर त्यांच्यामधूनच वर यावं लागेल. त्यांना काही ठाऊक नाही. "वृषाली आली" म्हणून त्या सरकून तुला जागा करून देतील. ते तुला सोसणार असेल तरच ये.

एक्केचाळिसांतल्या एकीची मुलगी,
यशोधरा