पिंपळाखाली ठेवलेली तसबीर

अहो,

साष्टांग नमस्कार.

परवा कुरिअरनं आलं ते असं: तुमचे मोठ्या आकारात छापलेले फोटो बारा, छपाई चार हजार दोनशे, पाठवणी दीडशे वेगळी. रेवानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. "बाबांचं काम आहे, तू हिशोब नको ना करू यार, आई!" तुम्ही जाऊन वर्ष होत आलं, यंदा मंडळाच्या गणपतीत हॉलच्या भिंतीवर ते लावायचेत. म्हणून लिहायला बसले. तुम्ही समोर असतात तर हे बोलले असते का? नसते बोलले.

लक्ष्मीबाई नगरातली आपली क्वार्टर्स पाडायची म्हणून रिकामी झाली, आपण दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला द्वारकेला आलो, आणि तुम्ही कॅमेरा गळ्यात अडकवून पुन्हा तिथंच जायला लागलात. दारं काढून नेलेल्या खोल्या, एका चाकाची सायकल, कुणीतरी सोडलेलं शिवणयंत्र. मेट्रोचं भाडं भरून उकिरड्याचे फोटो! शेजारच्या बाई हसून विचारायच्या, "भाभीजी, भाईसाहब ने कबाड़ी का काम शुरू किया है क्या?" तो राग मी तुमच्यावर काढायचे. सुतकातून आल्यासारखी आंघोळ करायला लावायचे, त्याशिवाय देव्हाऱ्यापाशी फिरकू द्यायचे नाही.

"लोकांनी टाकलेल्यात जीव कसा रमतो हो तुमचा?"

"टाकताना माणूस ते कसं ठेवून जातो, ते बघतो," म्हणायचात.

काल रेवानं फोटो जमिनीवर पसरले. पहिलाच पिंपळाचा! कॉलनीच्या कोपऱ्यावरचा, जिथं घर सोडताना माणसं जुने देव ठेवून जायची. हात मोडलेला गणपती, रंग उडालेली लक्ष्मी, आणि बुंध्याला टेकून सासूबाईंची खंडोबाची तसबीर. तडकलेल्या काचेवर त्यांनी बोटानं लावलेला भंडारा तसाच. वर चौकटीला दोन रिकामी भोकं.

मी तर तुम्हाला यमुनेत विसर्जन केलं म्हणून सांगितलं होतं ना?

खंडित तसबीर घरात ठेवू नये, अशी मनाची समजूत घातली. पण काच बदलून मिळते हो! नव्या संगमरवरी देव्हाऱ्यात ती मावत नव्हती, एवढंच. आणि यमुनेपर्यंत रिक्षा करणं जिवावर आलं. पिंपळाखाली ठेवली, हात जोडले, आणि पितळेची साखळी वाया कशाला घालवायची म्हणून तेवढी काढून आणली. देव्हाऱ्यातली घंटा तिलाच टांगलीय. रोज सकाळी तुम्ही ती घंटा वाजवत होतात. सगळं ठाऊक असून!

एकदा तरी रागवायचं होतंत. नव्या घरी वन्सं पहिल्यांदा आल्या, "आईचा खंडोबा कुठंय गं?" म्हणाल्या, आणि मी बेधडक "यमुनामाईच्या पोटात" म्हटलं, तेव्हा तुम्ही तिथंच चहा पीत होतात. कप खाली ठेवून उठून गेलात. मला वाटलं, आईच्या आठवणीनं.

रेवाला म्हटलं, "हा एक फोटो नको लावूस."

"का? बाबांनी यालाच एक नंबर दिलाय."

"आत्या येणारेय. तिच्या आईची तसबीर आहे ती."

"अच्छा! मग तर आत्या किती खूश होईल!"

तोंड लपवायला स्वयंपाकघरात गेले.

आज सकाळी तिथं जाऊन आले. सगळीकडे पत्रे ठोकलेत. पहारेकरी म्हणाला, "अम्मा, अंदर कुछ नहीं बचा. किसे ढूँढ रही हो?" फटीतून पाहिलं. पिंपळ उभा आहे, खाली सगळं साफ केलंय.

तुम्हाला शब्द देते. फोटो लागेल, तुम्ही दिलेल्या पहिल्या जागीच. वन्सं त्याच्यापुढे उभ्या राहिल्या की मी रेवाच्या आड लपणार नाही. त्यांनी विचारायच्या आत सांगेन, "वन्सं, ही तिथं मी ठेवली आणि तुमच्याशी खोटं बोलले." मग त्या बोलतील ते ऐकून घेईन.

एवढं मात्र सांगा. फोटो काढून झाल्यावर तुम्ही तसबीर उचललीत, की तिथंच राहू दिलीत? तुमचं कपाट पाहिलं, माळा पाहिला, पलंगाखालच्या पेट्या उघडल्या. कुठंच नाही. वन्सं हे विचारणारच, आणि आता खोटं सांगायचं नाही. उलट टपाली कळवा.

तुमची,
सुमन