सेक्टर पाचमधला स्लीपर सेल

३ नोव्हेंबर, सोमवार
झकास बातमी! अंधेरीच्या संशोधन संस्थेने माझा निबंध परिसंवादासाठी घेतला. विषय: ‘उपनगरी सोसायट्यांमधला सायबर-दहशतवाद : धोके आणि धोरण’. परिसंवाद २९ तारखेला. विमा कंपनीतून व्हीआरएस घेतली तेव्हा सगळे म्हणत होते, श्यामकांत आता घरी बसून काय करणार? घ्या म्हणावं आता.
बायकोला सांगितलं. उत्तरा म्हणाली, छान, आणि खाली जाशील तेव्हा कोथिंबीर आण. राष्ट्रीय सुरक्षेचं काही पडलेलंच नाही.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून पाच पानं.

४ नोव्हेंबर
उठलो साडेआठला. वैचारिक थकवा.
सुरुवात घरापासून. आमच्या वायफायला चक्क आमचं आडनाव! शत्रूसाठी दारावर पाटीच लावलेली. लेकीला, स्वरदाला, ताबडतोब नाव बदलायला लावलं. वर ताकीद दिली, नवं नाव मलासुद्धा सांगायचं नाही. ज्याला गरज त्यालाच माहिती, हे तत्त्व. मी स्वतः मोबाइल डेटावर राहणार. तिने विचारलं, बाबा, नक्की ना? नक्की म्हटलं. हसत हसत आत गेली. पोरीला शिस्त आवडलेली दिसते.
दुपारी सोफ्यावर चिंतन, दोन ते पाच.

८ नोव्हेंबर
संस्थेच्या ऋता मॅडमचा फोन. पेपरातली कात्रणं जोडून चालणार नाही म्हणाल्या. स्वतः गोळा केलेली माहिती हवी, नाहीतर नाव काढावं लागेल.
वाट लागली. चारकोपच्या सेक्टर पाचमध्ये दहशतवादी आणू कुठून? आमच्याकडे फार तर दुधाच्या पिशव्या चोरीला जातात.
चिंतन. आज जरा जास्तच.

९ नोव्हेंबर, रविवार
सापडला!!
फोनवर वायफायची यादी सहज उघडली, तर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत नाव : ‘स्लीपर सेल’. अंगावर काटा आला. चारचौघांसारखे राहून वर्षानुवर्षं दबा धरून बसतात ते हे. आणि उघडउघड नाव लावतात! काय ही मस्ती!
आमचं नेटवर्क मात्र यादीत अजिबात ओळखू येत नाही. धोरण यशस्वी.

१० नोव्हेंबर
सिग्नल-सर्वेक्षण. फोन हातात धरून जिना चढलो. तळमजल्यावर एक काडी, चौथ्या मजल्यावर दोन, आणि तिसऱ्यावर, आमच्याच हॉलमध्ये, फुल्ल! निष्कर्ष : उगम आमच्या डोक्यावर, ४०२ मध्ये. सिग्नल स्लॅबमधून खाली झिरपतो. गेल्या वर्षी त्यांच्या बाथरूमचं पाणी असंच झिरपलं होतं.
४०२ मध्ये जूनपासून भाडेकरू आहे. सम्यक नाव, वय तिशीचं. उद्यापासून पाळत. घरात कोणाला सांगायचं नाही.

१५ नोव्हेंबर
निरीक्षणं. एक : रात्रभर लॅपटॉप. म्हणे अमेरिकन कंपनीचं काम. दोन : मंगळवारी, गुरुवारी आणि आज शनिवारी सकाळी एका वयस्कर बाईंना रिक्षात बसवून कुठेतरी नेलं, दुपारी परत. ठरलेले वार! याला आमच्या क्षेत्रात पॅटर्न म्हणतात. बाई आपली आई असल्याचा त्याचा दावा आहे. परतताना त्यांच्या हाताला पट्टी असते आणि जिना चढवत नाही. नोंद केली.
सोसायटीचा सेक्रेटरी नितेश, त्याला विश्वासात घेतलं. त्याचा पहिला प्रश्न, आडनाव काय रे त्याचं? मी जातपात मानत नाही. सोसायटीच्या फाइलमधल्या भाडेकरारात बघून सांगितलं, ते निव्वळ डेटा म्हणून. नितेश नुसता ‘अच्छा’ म्हणाला. मग म्हणाला, तू लेखी दे, मी बघतो.
लेखी दिलं. निबंधात ‘प्रकरण अभ्यास’ म्हणून तेच चिकटवलं. एका दगडात दोन कामं.

१७ नोव्हेंबर
खळबळजनक. गीझर लावला आणि घरातली वीज गेली. त्याच क्षणी यादीतून ‘स्लीपर सेल’ गायब! स्वरदा आतून ओरडली, नेट गेलं. तिला गप्प केलं, इथे केवढं काय चाललंय! मेन स्विच वर केला, पाच मिनिटांत सेल पुन्हा हजर. बाकी बिल्डिंगमध्ये वीज होती. म्हणजे माझ्या घरात अंधार झाला की ते सावध होतात. मी त्यांच्या नजरेत आहे.
थोडी भीती वाटली. बराचसा अभिमान.

२१ नोव्हेंबर
नितेशने ४०२ ला नोटीस दिली. महिनाअखेर जागा खाली करा. मी फक्त चौकशी सुचवली होती, पण कमिटी फारच तत्पर निघाली. घरमालकही म्हणाला, मला कटकट नको.
संध्याकाळी सम्यक दारात. म्हणाला, काका, माझं चुकलं काय तेवढं सांगा. आईचं डायलिसिस इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आठवड्यातून तीनदा न्यावं लागतं, लांब गेलो तर तिला झेपायचं नाही. मी शांतपणे सांगितलं, रविवारी कमिटीच्या मीटिंगमध्ये पुराव्यानिशी कळेल.
डायलिसिस! गोष्ट बरी तयार केली होती.
उत्तराने मागून ऐकलं. काय रे केलंस तू, म्हणाली. गोपनीय आहे म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहायची इच्छा नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.
मीटिंग आमच्या हॉलमध्ये घेतली, कारण टीव्ही मोठा. कमिटी हजर, सम्यक दाराशी उभा. मी बसा म्हणायला विसरलो. प्रस्तावना उत्तम झाली. मग पुरावे दाखवायला स्वरदाला सांगितलं, माझ्या स्लाइड्स टीव्हीवर लाव. तिने रिमोट दाबला. अख्ख्या पडद्यावर अक्षरं आली : ‘स्लीपर सेल’ला जोडले आहे.
सगळ्यांनी वाचलं. नितेशने सम्यककडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, श्याम, हा तर तुझा टीव्ही आहे ना?
स्वरदा पांढरीफटक. म्हणाली, बाबा, तुम्हीच म्हणालात सांगायचं नाही. म्हटलं, मग सेल म्हणजे कोण? तिने बोट दाखवलं. सोफ्याकडे. हळूच म्हणाली, रोज दुपारी दोन ते पाच.
हॉल हसून हसून लोळला. नितेश तर डोळे पुसत होता. लगेच मोठ्या मनाने म्हणाला, जा रे सम्यक, नोटीस कॅन्सल.
सम्यक तेवढा हसला नाही. म्हणाला, नको. लांब नायगावला जागेचं टोकन देऊन आलोय. आणि आडनाव विचारायला वायफाय लागत नाही, काका.
काका नितेशला म्हणाला की मला, ते कळलं नाही. मी विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर
शांतपणे विचार करता, संशोधनाची पद्धत चुकीची नव्हती. नमुना लहान होता, एवढंच. शिवाय नोटीसवर सही नितेशची आहे.
हे उत्तराला ऐकवलं. तिने पुढ्यातली पोळी उचलून परत डब्यात ठेवली.
ऋता मॅडमना कळवलं, तब्येत बरी नाही, नाव काढा.

२९ नोव्हेंबर
वर सामान हलवल्याचे आवाज. मदतीला जावं, असं ठरवलं. चप्पल घातली. जिन्यात त्या बाई एकेक पायरी उतरत होत्या. शनिवार, हाताला पट्टी. सम्यकने धरलं होतं, दुसरीकडून उत्तराने. बाई थांबून मला म्हणाल्या, येते हं दादा, सांभाळा. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.
मी मान हलवली.

३० नोव्हेंबर, रविवार
४०२ ला कुलूप.
स्वरदाने नेटवर्कचं नाव पुन्हा बदललं. यादी उघडली तर पहिलंच : ‘सॉरी ४०२’. आमच्या हॉलमध्ये फुल्ल, वर दोन काड्या. वर वाचायला कोणी नाही.
पासवर्ड मला सांगितलेला नाही. मी मागितलाही नाही.
दुपारी दोनला सोफ्यावर पडलो. झोप लागली नाही.