टर्बो, टोपडं आणि तिसरा नकार

शनिवार, ३ मे
गाडीचा दम गेलाय. चढावर शिट्टी वाजते, मागून निळा धूर. निदान मी जागेवरच केलं : टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, एवढंच. गॅरेजवाल्याने जूनची तारीख दिली. इकडे अठराला नातवाचा बाप्तिस्मा, तोही चार तासांवर, बेमिजी गावाला. बायकोला, मार्लिसला सांगितलं, घरीच करतो. ती म्हणाली, नक्की ना, एल्रॉय? मी म्हणालो, एका वीकएंडचं काम आहे. ती म्हणाली, बरं.
तिचा माझ्यावर विश्वास आहे.

रविवार, ४ मे
चर्चच्या तळघरात कॉफी. टर्बोचा विषय मी काढला नाही, फक्त प्रत्येक टेबलावर निघाला. शेजारचा ऑरिन म्हणाला, हातभार लावू का जरा? ऑरिन निवृत्त दंतवैद्य, हौसेने जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मी म्हणालो, छे, कशाला त्रास. दात उपटणं वेगळं, टर्बो वेगळा. हे मनात.

बुधवार, ७ मे
टर्बो निघाला! एक बोल्ट तुटला, पण तो मुळातच कच्चा होता.
इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडलं. आत धूळ जाता कामा नये. बोळा कोंबायला काहीतरी हवं होतं. कपडे वाळवायच्या ड्रायरवर नेमकी एक चिंधी मिळाली. पांढरी, मऊ, जुनं सुती कापड, एक धागा सुटत नाही. घडी अशी की नळीत फिट्ट बसली, वर दोन फितीही! हल्ली अशा चिंध्या मिळत नाहीत. चांगली आतपर्यंत ढकलली. इतकी काळजी गॅरेजवालेही घेत नसतील.
ऑरिनने कुंपणावरून पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हणालो.

शनिवार, १० मे
नवा टर्बो आला. ऑरिन मुद्दाम अंगणात आला. म्हणाला, अरे, मी रिकामाच आहे, येऊ का? ही तिसरी वेळ. आमच्या मिनेसोटात रीतच आहे : कॉफी असो की केकचा शेवटचा तुकडा, दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. माझ्या तोंडून तिसऱ्यांदाही नको गेलं. ऑरिनने टोपी सारखी केली. मग म्हणाला, ठीक आहे तर.
वाईट वाटलं. पण कर्तबगार माणसाला कधीकधी रीत मोडावी लागते.
मार्लिस काहीतरी शोधतेय. बाळाचं टोपडं. तिच्या आजीने नॉर्वेहून बोटीवर उशाशी ठेवून आणलेलं. घरातल्या प्रत्येक मुलाने बाप्तिस्म्याला घातलंय, बाळाच्या आईने, आमच्या सोल्वेगनेही. धुऊन वाळत ठेवलं होतं म्हणे. मी शांतपणे सांगितलं, वस्तू जागच्या जागी ठेवल्या की अशी वेळ येत नाही. माझ्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली आहे, ती जाऊन बघ म्हटलं.
बघायला गेली नाही.

मंगळवार, १३ मे
टर्बो बसला. दोन नट उरले. कंपन्या हल्ली जास्तीचे देतात.
मार्लिसने घर उलथंपालथं केलंय. मला विचारलं, तू पाहिलंस का? मी म्हणालो, मी कपडे धुवायच्या खोलीकडे फिरकतो तरी का? संध्याकाळी ती फोनवर सोल्वेगशी बोलताना रडली. मला बघवेना. म्हणालो, अगं, मॉलमधून नवं आणू, त्यांच्याकडे बदकांच्या चित्रांचंसुद्धा आहे. ती म्हणाली, बरं.

गुरुवार, १५ मे
गाडी सुरू केली. खोकली आणि बंद. पुन्हा खोकली, पुन्हा बंद. पेट्रोल भेसळीचं असणार.
पेट्रोल बदललं. खोकली, बंद.
संध्याकाळी बॉनेट उघडं टाकून मोठ्याने उसासे टाकले. ऑरिन गवत कापत होता. मी पाना फरशीवर आपटला. त्याने मशीन बंद केलं, हात हलवला. म्हणाला, छान संध्याकाळ आहे, नाही? आणि मशीन पुन्हा सुरू. चौथ्यांदा विचारणं म्हणजे असभ्यपणा, आणि ऑरिन अतिशय सभ्य माणूस आहे.
आपणहून मदत मागायची? आमच्या रस्त्यावर अजून कुणी मागितलेली नाही.

शनिवार, १७ मे
मागितली.
त्याच्या दारात आधी हवामानावर बोललो, मग तळ्यातल्या माशांवर, मग पुन्हा हवामानावर. शेवटी शब्द फुटले. तो म्हणाला, चल ना, त्यात काय एवढं.
टॉर्च आणि दवाखान्यातला जुना लांब चिमटा घेऊन आला. मार्लिस त्याच्यासाठी लिंबाच्या वड्या घेऊन बाहेर आली. ऑरिनने नळी सैल केली, आत पाहिलं, म्हणाला, इंजिन श्वास कुठून घेणार, इथे काहीतरी अडकलंय. चिमटा घातला. आधी एक फीत आली. मग दुसरी. मग तेलात भिजून काळंकुट्ट झालेलं ते.
मी काही बोलायच्या आत मार्लिसने ओळखलं.
ऑरिन म्हणाला, हं. वेगळंच आहे. आमच्याकडे याहून कडक शब्द नाही.
मार्लिसने बशी ठेवली. दोन बोटांनी टोपडं घेतलं आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मॉलमधली बदकं मीच सुचवली होती. लाज वाटली. अजून वाटतेय.
गाडी मग सुरू झाली, पण टर्बोखालून तेलाची धार लागली. ते दोन नट जास्तीचे नव्हते.

रविवार, १८ मे
ऑरिनच्या पिकअपमधून गेलो. मार्लिस पुढे. मी मागच्या सीटवर, मांडीवर टोपडं. चार वेळा धुऊनही कानांवर काळे डाग. सोल्वेगने ते उलटसुलट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाळाला घातलं. पाद्रीबाई वाकल्या, तेलाच्या वासाने नाक आक्रसलं आणि प्रार्थना सुरू केली. फोटोत बाळ हसतंय. मी बुटांकडे बघतोय.
परतताना ऑरिन म्हणाला, उद्या येऊन तो टर्बो नीट बसवून देऊ का? माझ्या तोंडून सवयीने निघालं, छे, जमेल मला.
मार्लिस मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, ऑरिन, त्याचे पहिले दोन नकार झालेच असं मी धरून चालते. ये तू.
ऑरिन म्हणाला, बरं.
मीही बरं म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.