टायरचे दात

आबा,

आज सकाळी गाडीचे चारही टायर बदलले. तुम्ही असता तर आधी उकिडवे बसून प्रत्येकावर अंगठा फिरवला असता, मग गुडघ्यावर हात टेकून उठता उठता "बरं केलंस पोरी" म्हणाला असता, आणि जुने टायर दुकानदार कुठे टाकतोय ते बघायला दुकानाच्या मागे गेला असता. दुकानदार उदगीरकडचा, चांगला उंच, पन्नाशीचा माणूस. मलाच उलटं समजावत होता, "ताई, कशाला बदलू लागलाव? आणखी सहा महिने आरामात चलतील की." टायर विकणारा माणूस टायर घेऊ नका म्हणतोय, असं पुनावळ्यात आता कुठे बघायला मिळतं? मी म्हटलं, भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण माझा अंगठा नाही म्हणतोय. तो हसला. त्याला वाटलं बाईंचं डोकं जरा फिरलेलं आहे. असेलही.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. सासऱ्याला सुनेनं पत्र लिहावं असा आपल्या घरात काही रिवाज नाही, आणि तुम्हाला वाचता येत होतं ते भिंग लावून पेपरच्या मथळ्यांपुरतं. तरी लिहितेय. तुमची नात आत्ता गाडी घेऊन पिंपळे गुरवला माझ्या आईकडे गेलीय, पहिल्यांदाच एकटी. ती येईपर्यंत मला दुसरं काही सुचणार नाही. उद्यापासून ती रोज भोसरीला जाणार आहे, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला. म्हणून टायर.

तुम्ही टायरच्या खाचांना दात म्हणायचात. जमीन गेली, पाठोपाठ बैल गेले आणि गोठ्यात पांढरी गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा तुम्ही साठीला टेकला होता. दोन महिन्यांत गाडी शिकलात, पण बघायची रीत बैलाचीच ठेवलीत. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात मोजावेत तसं सकाळी टायरपाशी बसायचं, खाचेत अंगठा घालायचा आणि निकाल द्यायचा, "ह्यो अजून जवान हाय. ह्यो मातुर आता थकला." मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "आबा, तुमचं गणित उलटं आहे. बैलाला वयाबरोबर दात येतात, टायरचे जातात." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्हाताऱ्या बैलाचं बी जात्यात. माझं बघ की." आणि तोंड उघडून दाखवलंत. आत्याबाई सासूपणानं आतून ओरडल्या होत्या, सुनेसमोर कसले दात दाखवताय म्हणून. मी हसून हसून ओट्याला टेकले होते.

मला गाडी तुम्ही शिकवलीत. तुमचा मुलगा दोन दिवस शिकवायला बसला आणि तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं. आत्याबाईंचं म्हणणं, बाईमाणसाला गाडी कशाला, रिक्षा काय मेल्यात का. पण मला चाकणच्या कंपनीत क्वालिटीमध्ये नोकरी लागली होती, सकाळची शिफ्ट, आणि कंपनीची बस आपल्या बाजूला येत नव्हती. तेव्हा हायवेच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर तुम्ही मला रोज पहाटे घेऊन जायचात. मी बसले की पहिलं काम म्हणजे सीट पुढे ओढायची. तुमचे पाय लांबच लांब, माझे हे एवढेसे. तुम्ही म्हणायचात, "तुझी सीट म्हंजे बालवाडी हाय." घरात शेवटी ठरलं ते असं, की जाऊ दे चाकणला, पण गाडीला एक ओरखडा जरी आला तर नोकरी बंद. हे आत्याबाईंचं वाक्य. तुमच्या मुलानं त्यावर मान डोलावली, तुम्ही तंबाखू मळत राहिलात.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी तुम्ही अंगठा फिरवून सांगितलंत, पुढचे दोन्ही टायर संपले. मी कंपनीतून खोली मोजायचं गेज आणलं होतं. दिवसभर तेच काम माझं, हा पार्ट बसतो, हा बसत नाही. खाचेत गेज घातलं, दोन मिलीमीटर भरले. म्हटलं, आबा, नियमात बसतंय, अजून चालतील, दसऱ्याला बदलू. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा, दुसऱ्या दिवशी घरी गाडीची, नवे टायर, झेंडूच्या माळा, सगळं कसं साजरं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत! "दसरा कवा हाय हे टायरला म्हाईत हाय व्हय?" मी हसले. डिप्लोमा झालेली मी, आणि मुहूर्त बघत होते मी. न शिकलेले तुम्ही, आणि तुम्हाला मुहूर्त नको होता. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी तुम्ही फक्त विचारायचात, "इचारलं का अंगठ्याला?" आणि मी घाईत "हो हो" म्हणून निघायचे.

तो रविवार. माझी कंपनी बघायची म्हणून तुम्हाला चाकणला नेलं होतं. गेटवरच्या वॉचमनला तुम्ही अभिमानानं सांगितलंत, "ही आमची सून, आत साहेब हाय." साहेब कसली, वर्षभराची ट्रेनी होते मी! परत येताना आपल्या जुन्या शेताच्या वळणावर पाण्याचा टँकर गळत गेलेला, मुरमाचा नुसता चिखल झालेला. ऊन चांगलं लख्ख पडलंय, पावसाचा पत्ता नाही, मी ब्रेक दाबते आणि गाडी माझं ऐकतच नाही. सावकाश, अगदी सावकाश घसरत ती जाते आणि बिल्डरच्या बोर्डाच्या खांबावर आदळते. बोर्डावर पोहण्याचा निळा तलाव आणि हसणारं जोडपं. बरोब्बर तिथे पूर्वी तुमची विहीर होती. दिवा फुटला, बॉनेट मुडपलं. तुम्ही आधी विचारलंत, "लागलं का पोरी?" मी नुसती मान हलवली. मग खाली उतरून, फिरून माझ्या बाजूला आलात.

"उतर. तिकडं जाऊन बस."

"आबा, असं कसं?"

"गप. तुजी गाडी बंद झाली तर चाकण बंद व्हईल. माजी बंद झाली तर काय बंद व्हनार हाय? ऊठ लवकर, लोकं येत्यात."

मी उठले, आबा. मी उठले आणि डाव्या बाजूला जाऊन बसले. तुम्ही त्या पुढे ओढलेल्या सीटमध्ये स्वतःला कसंबसं कोंबलंत. गुडघे स्टेअरिंगला टेकलेले, पोटावर चाक. सीट मागे करायचा खटका घाईत सापडेना. माणसं जमली, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एकजण म्हणाला, "आबानी बिल्डरवरचा राग काढला की राव!" सगळे हसले, तुम्हीही हसलात. संध्याकाळपर्यंत गावभर तेच झालं. आबांनी जमिनीचा राग बोर्डावर काढला.

घरी तुमचा मुलगा चिडला नाही, ते जास्त वाईट झालं. मवाळ आवाजात म्हणाला, "आबा, आता बास. वय झालं." तुम्ही शर्टाच्या खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवलीत. मी भाकरी भाजत होते. तव्यावरची भाकरी काळी होईपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी नवे टायर घ्यायला तुम्ही माझ्याबरोबर आलात, डाव्या सीटवर बसून. मला वाटलं आता बोलतील, आता रागावतील. तुम्ही एवढंच म्हणालात, "आता तरी अंगठ्याला इचारत जा." तेवढंच. तुम्ही मला चांगलं झापलं असतंत तर मी घरी जाऊन सगळ्यांना खरं सांगून मोकळी झाले असते, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. लबाडी आहे ती. रागावला असता तरी मी सांगितलं नसतं.

पुढची अडीच वर्षं तुम्ही माझ्या डावीकडे बसलात. दवाखान्याला, लग्नाला, आळंदीला. समोर गाडी आली की तुमचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जायचा. मला तो दिसायचा. आणि एकदा, सोसायट्यांकडे जाणारा नवा डांबरी रस्ता झाला होता, अजून रहदारी नव्हती, सकाळची वेळ. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "रस्ता चांगला केलाय. जरा देतीस का? त्या पुलापातुर." इतक्या हळू आवाजात तुम्ही आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नसेल. मी म्हटलं, "ह्यांनी नको सांगितलंय, आबा." तुम्ही म्हणालात, "व्हय व्हय. ऱ्हाऊ दे." आणि पूल मीच गाडी चालवत ओलांडला. तो पूल आता रोज लागतो मला.

काल जेवताना तुमची नात म्हणाली, "मला भीती वाटते गं. आपल्या घराण्यातच आहे ते. आबांसारखी मीही कुठल्यातरी बोर्डात घुसणार." तुमचा मुलगा हसला, मीही सवयीनं हसले. सोळा-सतरा वर्षं हसतेय. पण रात्रीची भांडी आवरताना मला तुमचे ते स्टेअरिंगला टेकलेले गुडघेच दिसत होते. म्हणून आज तिला घेऊन टायरच्या दुकानात गेले. ती पण माझीच लेक, फोनमध्ये बघून म्हणाली, खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यापर्यंत रबर अजून आलं नाहीये मम्मी, म्हणजे नियमात आहे. मी तिचा हात धरला, काढून ठेवलेल्या जुन्या टायरच्या खाचेत तिचा अंगठा घातला, आणि सांगितलं. गाडी मी चालवत होते. टायर संपलेत हे आबा तीन आठवडे सांगत होते. बोर्डात मी घुसले, आबा नाही. आबा उत्तम गाडी चालवायचे.

ती खाली बसूनच होती. तिनं विचारलं, "मग आबांना किल्ली परत कोणी दिली?"

मी म्हटलं, कोणी नाही.

तेवढ्यात दुकानदार नवे टायर बसवलेली गाडी चक्कर मारून घेऊन आला. उतरला आणि दार उघडंच ठेवलं. त्याच्या लांब पायांसाठी सीट पार मागे गेली होती. आबा, मी त्या उघड्या दारापाशी उभी राहिले आणि मला पुढे होववेना. वाटलं, तुम्हीच आत्ता उतरून टायर बघायला मागे गेला आहात. किती वर्षांनी सीट तुमच्या मापाची दिसत होती. मी आत बसले तर पाय कुठेच पोचेनात, तरी खटका ओढला नाही. नातीला म्हटलं, तू चालव, आणि मी डावीकडे गेले. तिनं सीट तिच्या मापाची केली. वाटेत माझा उजवा पाय दोनदा पायपुसण्यावर दाबला गेला. तिनं बघितलं.

पोरीला अर्धंच सांगितलं मी. उरलेलं तुमच्यापाशी सांगते आणि हा कागद गेजच्या डबीखाली ठेवून देते, तिथे कुणी हात लावत नाही. ह्यांनी कधी नको सांगितलंच नव्हतं, आबा. त्या पुलाच्या महिनाभर आधी तुमचा मुलगा मला म्हणाला होता, "मोकळ्या रस्त्यावर देत जा आबांना अधूनमधून, तू असतेस ना शेजारी. जीव रमेल त्यांचा." मी तुम्हाला ते सांगितलं नाही. तुम्ही पुलापर्यंत नीट चालवली असती, आणि तुम्ही नीटच चालवली असती, तर बोर्डात कोण घुसलं ते सगळ्यांना कळलं असतं.