भोंगा व्हायच्या आधी

सोलापूर, ३ मार्च १९३२
गुरम्मा, गुडघा कसा आहे? आपल्या शिवपुत्राचा खोकला थांबला का? नातीला दात आला? कमलम्मावहिनींना आता नीट दिसतं का? मी मजेत. ही रोजनिशी महिनाअखेरी तुलाच धाडीन, शिवपुत्राकडून वाचून घे. गिरणीचं घड्याळ सांभाळायचं नि त्यावर भोंगा द्यायचा, एवढंच काम. बाया अज्जा म्हणतात, लई जीव लावतात.

७ मार्च
मासिकात वाचलं, काळ म्हणून वेगळं काही नाहीच म्हणे. ऊन वस्तू गार होते, गार आपोआप ऊन होत नाही. त्यातूनच आधी आणि नंतर जन्मतात. सगळं सारखंच ऊन झालं की ‘नंतर’ उरतच नाही. बॉयलरवाल्या पंचाक्षरीला सांगितलं. म्हणाला, म्हंजे काळ मीच शिजवतो की अज्जा, वाढू का वाटीभर?

१२ मार्च
मायाक्का तान्ह्याला पाजून लांबून चालत येते. भोंगा झाला की फाटक बंद, दिवसाचा खाडा. आज म्हणाली, अज्जा, तुमच्या भोंग्याला जरा दम धराय सांगा की. हसतच घड्याळ थोडं मागं सारलं. पोरीचं भलं होईल, दुसरं काय!

१४ मार्च
घड्याळ मागं, म्हणून सांजचा भोंगाही उशिरा. एवढं ध्यानातच घेतलं नाही मी. त्या वाढीव वेळात मायाक्काचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला. गेली पोर. बाया रडत म्हणत होत्या, आतापतुर भोंगा व्हायला पायजे हुता. साहेबांनी विचारलं, घड्याळ बरोबर आहे ना? मी व्हय म्हणालो.

१५ मार्च
घड्याळ गुपचूप बरोबर लावलं. सांजेला चहा ओतला, तो गार होईना. वर बघतो तर दारात मायाक्का. फाटका पदर. विचारते, अज्जा, भोंगा झाला का? लेकरू भुकेजलंय की.

१६ मार्च
पुन्हा आली. तेच विचारते. मी वाढवलेल्या वेळातून ती बाहेरच पडलेली नाही — उद्या ती दारात असतानाच भोंगा देतो. सुटेल — सुटायलाच हवी —

१७ मार्च, सांज
भोंग्याची दोरी ओढली. आवाज नाही. खाली पंचाक्षरी, फावडं उचललेला, तसाच — काटा हलत नाही — मायाक्का जवळ आली. हात धरला माझा. गार असेल वाटलं — माझ्याइतकाच ऊन — भिंत, दोरी, सगळं तितकंच —

खरं सांगायला हवं होतं, गुरम्मा —

शाई वाळत नाही. तिकडं उद्याचा दिवस उजाडला का, एवढंच लवकर लिहून कळ—