नळीत राहिलेला बार

ऑरिन दादा,

तुझी ठासणीची बंदूक सापडली. वेल्सबरोला जुन्या सामानाच्या दुकानात काठ्या-छत्र्यांच्या पिंपात उभी होती, गंजून लाल झालेली. दस्त्यावर तू कोरलेलं अस्वल दिसलं म्हणून ओळखली. घरी आणून आठवडाभर तेल मुरवलं. मग तूच शिकवल्याप्रमाणे आधी नळीत गज टाकून पाहिला. तो तळाला टेकेना, चार बोटं वरच अडला. बार भरलेला होता. गोळी ओढून काढली, तर तिच्याभोवती आईच्या निळ्या पडद्याची चिंधी, तू गोळीला गुंडाळायचास तीच. म्हणजे बार तुझाच.

व्हिएतनामहून परतलास त्या हिवाळ्यात तू रानातून आलास आणि म्हणालास, "हरीण समोर होतं. एकच बार जवळ होता, तोही वाया घालवला." नेम चुकला की शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला ठोकायचा, हा आपल्या शिकारीच्या कॅम्पचा रिवाज. कात्री मीच घेतली. "काय रे दादा, सरकारनं दोन वर्षं तुला नुसते बटाटेच सोलायला लावले का?" सगळे खो खो हसले. तूही हसलास. आठवड्याभरात बंदूक विकलीस आणि पुन्हा कॅम्पवर फिरकला नाहीस.

तुला पुरलं त्या दिवशीही मी हाच किस्सा सांगून लोकांना हसवलं.

यंदा तुझीच बंदूक घेऊन रानात बसणार आहे. हरीण येईल, त्याला जाऊ देईन. मग कॅम्पवर येऊन सांगेन, नेम चुकला. माझा तुकडा तुझ्या तुकड्याशेजारी ठोकायला लावीन.

तुझा,
लोवेल