काचेवरचं मीठ

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्रास कारण, तुझा फोन मी सहा दिवस उचललेला नाही. मी ठणठणीत आहे. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे, परीक्षा जवळ आल्या की सगळ्या पोरांना एकदम कमी दिसायला लागतं. भावोजींचा गुडघा कसा आहे? तुला राग आला असेल. येऊ दे.

शनिवारी तू पाठवलेला माणूस आईची माशांची टाकी न्यायला आला होता. दोन पिंपं आणि पाइप घेऊन जिन्यात उभा. मी दाराची साखळी न काढताच सांगितलं, "टाकी द्यायची नाही."

तो म्हणाला, "तुमच्या डॉक्टर ताई म्हणाल्या, मासा जाणारच आहे."

"मग डॉक्टरबाईंना सांगा, अजून गेलेला नाही," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

आता साहेबांची हकिकत. आईने त्या पिवळ्या माशाला साहेब म्हणायला सुरुवात केली ती उगीच नाही. रोज सकाळी टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहणी करायची, कोळंबीला दटावायचं, मगच खायला तोंड उघडायचं. गेल्या महिन्यात पाहणी बंद पडली. साहेब दगडावर अंग घासायचे, डोकं झटकायचे, धापा टाकायचे. खाणं तोंडापाशी आलं तरी ढुंकून बघायचे नाहीत. मी तुला फोटो पाठवला. आईसाठी ही खाऱ्या पाण्याची टाकी घेताना तू तीन पुस्तकं वाचली होतीस, म्हणून दोन मिनिटांत तुझं उत्तर आलं. अंगावर पांढरे ठिपके आहेत, तो ठिपक्यांचा रोग, टाकीत तांब्याचं औषध ओत.

ताई, तांब्याने आईची कोळंबी मेली असती, पोवळी मेली असती. बाटली मी आणली होती. झाकणही उघडलं होतं. मग हात थांबला. आमच्याकडे रोज लोक नंबर वाढला म्हणून येतात आणि निम्म्यांची नुसती काच मळलेली असते. मी ओला फडका घेतला आणि टाकीची काच बाहेरून पुसली. तुझे पांढरे ठिपके फडक्यावर आले! बुडबुडे फुटून उडालेलं पाणी काचेवर वाळलं होतं, त्याचं मीठ. साहेबांच्या अंगावर एकही ठिपका नव्हता.

मग दुकानातलं भिंग घरी आणलं आणि तीन संध्याकाळ टाकीसमोर ठाण मांडून बसले. श्वास मिनिटाला शंभराच्या वर जात होता. डावा डोळा धुरकट, वर पातळ साय धरल्यासारखा. तेव्हा शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला गाठलं. तो म्हणाला, "पाच मिनिटं गोड्या पाण्यात ठेवा. किडे असतील तर गळून पडतील. पण घड्याळ समोर ठेवा."

काळ्या टबात गोडं पाणी घेतलं, टाकीइतकंच कोमट केलं, चिमूटभर खायचा सोडा टाकला, हवेची नळी सोडली. साहेबांना आत सोडलं, तर मिनिटभरात ते आडवे झाले. मेले साहेब, म्हटलं. हात पाण्यात घातला होता, ताई. पण कल्ले हलत होते, म्हणून तसाच मागे घेतला. चौथ्या मिनिटाला डोळ्यावरची साय सुटली. ती साय नव्हतीच. तिळाएवढे चपटे किडे पांढरे पडून काळ्या तळाशी पडले. अंगावरचेही पडले.

आता टाकीत किड्यांचं औषध टाकलंय, ते कोळंबीला सोसतं. काल साहेबांनी शेवाळाचा तुकडा हिसकून नेला. दुसरा डोस सोमवारी. डोळा पूर्ण निवळेल की नाही, दुकानदारालाही सांगता येत नाही.

किडे आणले मीच. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा हा आईचा नियम. जानेवारीत मी एक छोटा नारिंगी मासा आणला आणि तसाच आत सोडला. तो रिकाम्या टाकीत एकटा बसलेला बघवेना. या घरात एकटं बसणारी मी आहे, तेवढं पुरे.

आणि आता ते, जे मी तुला चौदा महिने सांगितलेलं नाही. आईला मळमळतंय, छातीत जळजळतंय, असं मी फोनवर म्हटलं. तू म्हणालीस, पित्त आहे, गोळी दे. मी दिली. दुसऱ्या दिवशी आई गाल दाबून बसली होती. जबडा दुखतोय म्हणाली. मी तुला कळवलं नाही. दाढ असेल म्हटलं आणि परत तीच गोळी दिली. तू पित्त म्हणालीस ना, मग मी बघणंच सोडून दिलं. संध्याकाळी तिचं हृदय बंद पडलं. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुला शिव्या घालतेय. जबड्याचं तुला कबूल केलं असतं तर शिव्या घालायला तू नाही, मीच उरले असते.

तू जबड्याचं ऐकलं असतंस तर हृदयाचं दुखणं ओळखून तिला लगेच इस्पितळात हलवायला लावलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. आता तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. आईशिवाय ती टाकी तुला नजरेसमोर नको आहे, तेही मला कळतं. पण टाकी मी देणार नाही. दुसरा माणूस पाठवलास तर त्यालाही जिन्यातूनच परत पाठवीन.

आणि यापुढे या घरात कुणाला काही झालं, मला झालं तरी, फोनवरून रोगाचं नाव सांगायचं नाही. गाडीत बसायचं, यायचं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं.

तुझं न ऐकणारी, तुझीच

धाकटी